मागच्या खोलीचा पडदा

३ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद. मी मोठी आहे म्हणून ते द्यावे लागतात, माझ्या रागाशी त्यांचा संबंध नाही.

अक्षर बघून दचकू नकोस. माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आहे, त्यामुळे हे पत्र माझ्या मदतनीसबाई लिहीत आहेत. अक्षर त्यांचं, राग माझा. बाई मी ठेवलेल्या नाहीत, अपघात भरपाई मंडळाने पाठवल्या आहेत. आठवड्यातून तीन दिवस सकाळी येतात, केस विंचरतात, बटणं लावतात आणि मी न विचारता त्यांच्या जावयाचे गुण सांगतात.

तुझ्याकडून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मंडळाचा अर्ज आला. आठ पानी. कुठे पडलात, कधी पडलात, कुठलं हाड, घरात पायऱ्या किती, भांडी कोण घासतं. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच प्रश्न शोधत होते : चूक कोणाची? तो नाहीच. मला वाटलं एखादं पान गहाळ झालं असेल, म्हणून मंडळात फोन केला. फोनवरची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "मॅडम, आम्ही चूक विचारत नाही. चूक कोणाचीही असो, अपघात झाला की भरपाई मिळते."

मी म्हटलं, "मुली, मी तेहतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. चूक विचारायचीच नाही, तर मग माणसाने करायचं काय?"

ती म्हणाली, "मॅडम, हात कसा आहे?"

आता याला काय म्हणायचं!

अर्जात चौकट नाही म्हणून चूक नव्हती असं होत नाही. तुझ्या मागच्या खोलीतलं ते स्टूल. तू दुकानात बसून अख्ख्या गावाच्या चष्म्यांचे स्क्रू घट्ट करतेस, आणि घरातल्या स्टुलाचा एक पाय डुगडुगतो. मी पडदा सरळ करायला त्यावर चढले आणि पुढच्या क्षणाला जमिनीवर होते. मनगटातून आवाज आला तो मी इथे सांगत नाही, लिहिणाऱ्या बाईंचा चेहरा उतरतो.

हे मंडळ मला नवीन नाही. आपल्या घरी आईचं हेच मंडळ होतं. तू कपाचा कान मोडलास, आई म्हणाली, "कप जुनाच होता." तू घड्याळाचा काटा वाकवलास, "घड्याळ फार खाली टांगलं होतं." तू बाबांच्या टेबलावरची काचेची दौत फोडलीस, "काच आहे, फुटायचीच. कोणाची चूक नाही." आणि माझ्या हातून एकदा, एकदाच, दूध उतू गेलं, तर "थोरली असून लक्ष नाही!" रिबनसुद्धा तुला निळी आणि मला तपकिरी, कारण म्हणे तपकिरी मळत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला अक्षराचं पदक दिलं, त्या दिवशी घरी कौतुक कशाचं? तर तुझा दात पडला त्याचं!

असो. तुझ्याकडे मी दहा दिवस पाहुणी म्हणून आले नव्हते. दोघी एकट्या आहोत, मागची खोली ताईची करू, दोन घरांचं एक करू, हे तूच म्हणालीस. आधी दहा दिवस राहून बघ म्हणालीस. नवव्या दिवशी मी स्ट्रेचरवरून बाहेर पडले. तेव्हा आता माझी एक अट आहे. भरपाई तुझ्याकडून नको, ती मंडळ देतं. तू फक्त एक ओळ लिहून पाठव : "ताई, चूक माझी होती." ओळ आली की मी सामान बांधायला घेईन. नाही आली तर खोली भाड्याने दे.

ताई

ता. क. तू हॉस्पिटलात पाठवलेली चिठ्ठी तपासून सोबत परत पाठवते आहे. लाल पेन डाव्या हाताने धरलं, म्हणून खुणा वाकड्या आहेत. चुका : नऊ.


१० फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. नऊच? गेल्या वेळी चौदा होत्या. प्रगती आहे की गं माझी!

तुझ्या मदतनीसबाईंचं अक्षर किती मोकळं आहे! वाचताना पहिल्यांदाच परीक्षेला बसल्यासारखं वाटलं नाही. त्यांना माझा मनापासून नमस्कार सांग. आणि हेही सांग, की ताईला कपभर चहा दिला की ती आणखी अर्धा मागत नाही, पण तिला हवा असतो. न विचारता ओतायचा.

ते स्टुल मी अंगणात नेऊन टाकलंय. पाय डुगडुगतो हे मला माहीत होतं, खोटं कशाला सांगू? तुला सांगायला हवं होतं. पण त्या खोलीत तू स्टुलावर चढशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चढण्यासारखं तिथे आहे काय?

घर माझं म्हणून मंडळाचा एक कागद मलाही आला. बाई काय करताना पडल्या, तुम्ही काय पाहिलंत. मी दुकानात होते, मी काय पाहणार? पण तू सांगितलं होतंस तेच लिहिलं : पडदा सरळ करताना.

तुझ्या अटीबद्दल सवडीने लिहिते. समोर एक आजोबा बसलेत, चष्मा कपाळावर आहे आणि हरवला म्हणून नवीन करायला आलेत. त्यांना हळूच सांगायचंय.

खोलीला रंग काढतेय. कुठला हवा?

धाकटी


१५ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद, मागच्याच कारणासाठी.

"स्टूल" शब्दातला "टू" दीर्घ. तू तो ऱ्हस्व लिहिलास. त्या स्टुलाचा एक पाय आधीच आखूड होता, तू दुसराही आखूड केलास.

माझ्या मदतनीसबाईंच्या अक्षराचं कौतुक वाचलं. मी इतकी वर्षं तुला पत्रं लिहिते आहे. सिस्टरांनी चार रेघांच्या वहीत घोटून घेतलेलं अक्षर, पदक मिळालेलं अक्षर. त्याबद्दल तुझ्या तोंडून आजवर एक शब्द नाही, आणि या बाईंचं अक्षर "मोकळं"! आता हे पत्र त्या आणखीच मोकळं लिहीत आहेत, लाजेने मान वाकडी करून. काल म्हणाल्या, "बाई, तुमच्या धाकट्या बहीण किती प्रेमळ आहेत हो." तुला न बघता तुझ्यावर लोभ जडलेली ही कितवी व्यक्ती, ते मोजायचं मी केव्हाच सोडलं. अपघात माझा, हाड माझं, मंडळाने बाई पाठवली माझ्यासाठी, आणि तीही गेली तुझ्या बाजूला. आज चहा दीड कप मिळाला. मी प्यायले, पण खुशीने नाही.

खालच्या मजल्यावर वकील राहतात. सरळ त्यांच्याकडे गेले. जिना एका हाताने कठडा धरून उतरले, तोही मंडळाच्या अर्जात आहे.

म्हटलं, "दावा लावायचा आहे."

"बाई, लावता येणार नाही."

"का? बहीण आहे म्हणून?"

"सात जन्मांची वैरीण असती तरी नाही. कायद्याने तुम्हाला भरपाई दिली आणि दाव्याचा हक्क काढून घेतला. देवघेव आहे."

"म्हणजे माझा हक्क मला न विचारता विकला?"

"विकला. पण मोबदला वाईट नाही. नाहीतर दोघी बहिणी सहा वर्षं कोर्टाच्या बाकावर बसला असता, आणि तोवर हाड वाकडं जुळलं असतं."

"आणि न्याय?"

"न्याय नाही, बाई. फिजिओथेरपी आहे. आठवड्यातून दोनदा."

वर पुन्हा हसले. त्यांच्या दातांमध्ये फट आहे.

खरं सांगायचं तर तुझ्यावर दावा लावायची माझी इच्छा नव्हती. पण लावता येत नाही हे कळल्यावर फार झाली.

आणि "चढण्यासारखं तिथे आहे काय" हा प्रश्न आहे की टोमणा? पडदा वाकडा होता. मला वाकडं काही बघवत नाही, हे तुला जन्मापासून ठाऊक आहे. विषय बदलू नकोस. मला ती ओळ हवी आहे.

ताई

(मी मदतनीस. बाईंना सांगू नका, पण तुमचं पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.)

वरचा कंस मी वाचला. हे डाव्या हाताने लिहिते आहे. तीनदा नाही, दोनदा. मदतनीसबाईंच्या चुका : एक.


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

ताई, चूक माझी होती.

झालं? आता सामान बांधायला घे. खोलीला पांढरा रंग दिलाय, तू काही कळवलं नाहीस म्हणून. खिडकीसमोर टेबल ठेवलंय, उजेड डावीकडून येतो. लिहिताना हाताची सावली पडायला नको, असं तू नेहमी म्हणतेस ना.

फिजिओथेरपीला टाळाटाळ करू नकोस. दुखलं की तू त्या माणसाचं व्याकरण काढशील, मला माहितेय.

धाकटी


१ मार्च

धाकटीस,

आज मदतनीसबाईंना पत्र सांगितलेलं नाही. सगळं डाव्या हाताचं आहे, एकेका ओळीला वेळ लागतो आहे, तेव्हा नीट वाच.

इतकं सोपं?

गिऱ्हाइकाला पावती फाडून द्यावी तशी तू ती ओळ दिलीस. मी महिनाभर वाट पाहिली, आणि तू ती टेबल आणि रंग यांच्या आधी एका दमात उरकलीस! मला जन्मात एक चूक कबूल करायची झाली तर घशात काटा अडकतो. तुझ्या ओठावर ती अशी येते, जसं शिंकल्यावर "माफ करा". म्हणजे हेही तुलाच. गोरा रंग तुला, कुरळे केस तुला, लोकांचा लोभ तुला, आणि चूक कबूल करायची हातोटीसुद्धा तुलाच! मला काय, तर शुद्धलेखन.

मी तिथे येऊन काय करू? भिंतीभिंतीवर तुझं नाव आहे. आईची शिलाई मशीन तुझ्याकडे, आईची शेवटची चार वर्षं तुझ्याकडे. तू तिचं केलंस, मी सुट्टीत येऊन फळं ठेवून गेले, हे मला कळतं. पण कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यावरसुद्धा तिने लिहून ठेवावं "धाकटीसाठी"? थोरलीसाठी एक काडेपेटी तरी?

इथे निवृत्त स्त्रियांचं वसतिगृह आहे. स्वच्छ आहे, एकटीची खोली मिळते, पाट्यांवर शुद्धलेखनाच्या चुका फक्त दोन आहेत. पाच एप्रिलपर्यंत हो की नाही कळवायचं आहे. मी हो म्हणेन असं दिसतं.

तुझं पत्र तपासलं. चुका नाहीत. पहिल्यांदाच. मला ते अजिबात आवडलं नाही.

ताई


२० मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. उत्तराला उशीर झाला. काय लिहावं ते कळत नव्हतं, आणि मग एक गंमत झाली, तेव्हा लिहायचं ठरवलं.

गेल्या सोमवारी मंडळाचे एक साहेब घरी आले. घाबरू नकोस, चौकशी नव्हती. लोक घरात कुठे आणि कसे पडतात त्याची ते नोंद करतात, म्हणजे पुढच्यांना सावध करता येतं. हातात तुझा अर्ज. मागच्या खोलीत गेले, खिडकीपाशी उभे राहिले, वर बघितलं, खाली बघितलं.

"पडदा कुठे आहे?"

ताई, त्या खोलीला पडदा नाही. कधीच नव्हता. खिडकीला दुधी काच आहे. पडद्याची दांडीसुद्धा नाही!

मी म्हटलं, "धुवायला टाकलाय."

"आणि दांडी?"

"तीसुद्धा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझा चष्मा पुसला. मग ते म्हणाले, "हे बघा, बाई काय करत होत्या त्यावर भरपाई अवलंबून नाही. पडल्या ना?" मी म्हटलं, "पडल्या हो, चांगल्याच पडल्या." त्यांनी "पडदा" शब्दापुढे बरोबरची खूण केली, चहा घेतला, आणि जाताना त्यांच्या चष्म्याची सैल दांडी मी घट्ट करून दिली.

आता खरं सांगते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेजारणीने दुकानात निरोप दिला, मी धावत आले. तू जमिनीवर, स्टूल आडवं, (बघ, दीर्घ लिहिलं) आणि ते सगळं कपाटाच्या बाजूला, खिडकीच्या नव्हे. वर बघितलं तर डबा अर्धा बाहेर ओढलेला आणि धुळीत चार बोटं. तू कण्हत होतीस आणि मधूनच म्हणत होतीस, "पडदा... पडदा..." मी रुग्णवाहिका यायच्या आत डबा मागे सरकवला आणि फडक्याने बोटं पुसली. मला वाटलं, तुला विचारायचं असेल तेव्हा विचारशील. तू विचारलं नाहीस. मागच्या पत्रात फक्त "धाकटीसाठी" लिहिलंस. ते झाकणावर वरच्या बाजूला आहे, ताई. खालून दिसत नाही.

तर डब्यात काय आहे. सोनंनाणं नाही, पत्रं नाहीत. तुकडे आहेत. कपाचा कान, घड्याळाचा काटा, बाहुलीचा पाय, कंगव्याचे दात. लहानपणी जे जे फुटलं ते सगळं आईने गोळा करून ठेवलं होतं, आणि प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. झाकणाच्या आत लिहिलंय, "जोडता आलं तर जोड." माझ्याकडे बारीक हत्यारं असतात, म्हणून मला दिला असेल. बऱ्याच चिठ्ठ्यांवर माझंच नाव आहे, तुला बरं वाटेल. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, ताई. कोणी काय फोडलं ते सगळं. फक्त बोलायची नाही.

हा डबा तिने मला दिला त्याला आता अकरा वर्षं होतील. मी तुला दाखवला नाही, एका चिठ्ठीमुळे. ती सोबत पाठवते आहे. त्याबद्दल तू पहिल्या पत्रात लिहिलेलं वाचून आधी मला रागच आला. पण मग वाटलं, तुला खरोखरच आठवत नसेल. सांगून सांगून माणसाला स्वतःचं खोटं खरं वाटायला लागतं.

अक्षर आईचं आहे. तपासून परत पाठव.

धाकटी

*(सोबतची चिठ्ठी)*

*दौत. थोरलीने फोडली. धाकटी म्हणते मी. दोघींनाही काही बोलले नाही. थोरलीचं उद्या बक्षीस आहे.*


२ एप्रिल

धाकटीस,

आशीर्वाद. या वेळी मनापासून. सवय नाही, म्हणून विचित्र वाटेल, चालवून घे.

प्लास्टर निघालं. हे उजव्या हाताचं अक्षर आहे. सिस्टरांनी पाहिलं असतं तर पदक परत मागितलं असतं. फिजिओथेरपीचा माणूस म्हणतो, रोज थोडं लिहा. त्याचं व्याकरण मी काढलं, तुझा अंदाज बरोबर होता.

चिठ्ठी तपासली. चार दिवस तपासत होते. एकेक अक्षर, एकेक काना, छापखान्यात करायचे तशी, खालच्या ओळीकडून वर आणि पुन्हा वरून खाली. चूक सापडली नाही.

तुला तेव्हा पाच वर्षं होती. तू टेबलाच्या पायापाशी उभी होतीस आणि तुझ्या फ्रॉकवर शाईचा एक थेंबही नव्हता. माझ्या सगळ्या हातावर होता. मी हात पाठीमागे धरला. आईने आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि म्हणाली, "काच आहे, फुटायचीच." हे मला आत्ता आठवलं असं मी लिहू शकते. पण मग तुला लाल पेन घ्यावं लागेल, म्हणून लिहीत नाही.

चिठ्ठी परत पाठवते आहे, कारण डब्यावर नाव तुझं आहे.

वसतिगृहाला "नाही" म्हणून कळवलं. पाट्यांवर दोन नाही, तीन चुका निघाल्या. मदतनीसबाईंचं काम या आठवड्यात संपतं. निरोप देताना रडल्या. मला नव्हे, तुला सांगायला सांगितलं आहे, की तुमची फार आठवण येईल. आता बोल!

मी तेरा तारखेला येते. माझ्या आधी अंगणातलं ते स्टूल फेकून दे, आणि ते फेकवत नसेल तर पाय घट्ट कर, हत्यारं तुझ्याकडे आहेत. दौत जोडायला घेऊ नकोस, मी आल्यावर तुकडे धरीन. एवढं आता या हाताला जमतं.

आणि खिडकीला दांडी बसवून एक पडदा लाव. मंडळाच्या कागदावर दोघींच्या सह्या आहेत, निदान लिहिलेलं खरं तरी होईल. पडदा निळा घे. निळा मला हवा आहे.

ताई